गिरणीच्या रांगेतून डेव्हस: अनेक संगणकांवर चालणारं सिम्युलेशन बांधायला शिकताना

सिम्युलेशन चार संगणकांवर वाटून चालवायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी सॉकेट, म्हणजे प्रोग्रामांमधली नेटवर्कची जोडणी, उघडून बसतात. मीही तेच केलं होतं. दोन लॅपटॉप, मधे एक केबल, आणि प्रोग्राम चालवावा तेव्हा उत्तर वेगळं. केबल बिचारी ठीक होती. माझ्या मॉडेलमध्ये वेळ नेमकी कुठे नोंदवली जाते आणि अवस्था कुठे राहते, हे मलाच धड सांगता येत नव्हतं. एका संगणकावर ते झाकून जात होतं, दोनावर उघडं पडलं.

म्हणून या लेखात उलटा रस्ता धरलाय. आधी कागद, मग एक संगणक, नेटवर्क सगळ्यात शेवटी. पद्धत वापरायची ती डेव्हस, म्हणजे डिस्क्रीट इव्हेंट सिस्टिम स्पेसिफिकेशन. घटना घडतील तशी वेळ पुढे जाणाऱ्या व्यवस्था गणिती शिस्तीत कशा मांडायच्या, हे बर्नार्ड झायग्लर यांनी १९७६ साली आपल्या पुस्तकात मांडलं. तिथून ही सुरू झाली. गणित फार लागत नाही. संच म्हणजे काय आणि फंक्शन म्हणजे काय एवढं कळत असलं आणि पायथनसारख्या एखाद्या भाषेत थोडाफार हात बसलेला असला की पुरे.

पायरी १: आधी प्रश्न ठरवा

उदाहरणाला पिठाची गिरणी घेऊ. डबे येतात, रांगेला लागतात, एका वेळी एकच दळण होतं आणि मधेच लाईट जाते. या विषयातलं जवळजवळ सगळं एवढ्यात मावतं.

गिरणीचं मॉडेल करा म्हटलं की नवा माणूस मोटरची ताकद, पट्ट्याची लांबी, गव्हाचा ओलावा असं सगळं लिहून काढायला बसतो. तसं करू नका. आपला प्रश्न एवढाच आहे: डबा गिरणीत ठेवल्यापासून पीठ हातात पडेपर्यंत सरासरी किती मिनिटं जातात? त्यासाठी डबा कधी आला, त्याला दळायला किती वेळ लागतो आणि लाईट कधी गेली-आली, इतकं कळलं की झालं.

आता गिरणीत हमखास ऐकू येणारा प्रश्न आठवा: ‘आधीचं दळण कशाचं होतं?’ आपल्या प्रश्नासाठी हे माहीत असण्याची गरज नाही, म्हणून ते मॉडेलमध्ये येणार नाही. पण उद्या कुणी विचारलं, की उपवासाचा राजगिरा गव्हावर दळला जायची वेळ दिवसातून किती वेळा येते, तर शेवटचं धान्य अवस्थेत ठेवावंच लागेल. गिरणी तीच आणि प्रश्न बदलला, तर मॉडेलही बदलतं. कुठल्या परिस्थितीत आणि कुठल्या प्रश्नासाठी निरीक्षण करायचं याच्या या बांधणीला झायग्लर प्रायोगिक चौकट म्हणतात. ती लिहून ठेवा, अगदी वहीच्या कोपऱ्यात दोन ओळी का होईना.

याच आराखड्यात आणखी एक भेद आहे आणि पुढे तो फार उपयोगी पडतो. मॉडेल खऱ्या गिरणीसारखं वागतं का, हा एक प्रश्न. सिम्युलेटर त्या मॉडेलला लिहिल्याबरहुकूम चालवतो का, हा दुसरा. उत्तर चुकलं की आधी विचारा, चूक या दोघांपैकी कुठली? नेटवर्क मधे आल्यावर जे बिघडतं ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या प्रकारचं असतं, आणि लोक मात्र पहिल्या प्रकारचं समजून मॉडेल खणत बसतात.

पायरी २: एका मॉडेलच्या सात गोष्टी

डेव्हसमध्ये सगळ्यात लहान, आणखी न फोडता येणाऱ्या मॉडेलला अणू-मॉडेल म्हणू. ते सात गोष्टींनी पूर्ण होतं. तीन संच: आत काय येऊ शकतं, बाहेर काय जाऊ शकतं आणि कोणकोणत्या अवस्था असू शकतात. आणि चार फंक्शनं:

टा: या अवस्थेत, कुणी छेडलं नाही तर, किती वेळ राहायचं.
डेल्टा-इंट: तो वेळ संपला की पुढची अवस्था कोणती.
डेल्टा-एक्स्ट: वेळ संपायच्या आत बाहेरून काही आलं तर पुढची अवस्था कोणती.
लॅम्डा: वेळ संपल्यावर, डेल्टा-इंट चालायच्या अगदी आधी, बाहेर काय पाठवायचं.

गिरणीपुरतं सांगायचं तर आत यायला दोन पोर्ट, म्हणजे निरोपांची दारं, आहेत. ‘डबा’ या पोर्टवर क्रमांक आणि दळायला लागणारी मिनिटं येतात, ‘वीज’ या पोर्टवर ‘गेली’ किंवा ‘आली’. बाहेर जायला एकच पोर्ट, ‘पीठ’. अवस्थेत चार गोष्टी ठेवायच्या: गिरणी रिकामी आहे, दळतेय की अडकलीय, पुढ्यात कुठला डबा आहे, रांगेत कोण आहे, आणि चालू दळणाची उरलेली मिनिटं, ज्याला रूढीने सिग्मा म्हणतात. गिरणी दळत असेल तर टा म्हणजे सिग्मा. रिकामी किंवा अडकलेली असेल तर टा म्हणजे अनंत: कुणी बाहेरून हलवेपर्यंत ती आपणहून काही करणार नाही.

दोन बारकावे आत्ताच डोक्यात बसवून घ्या. पहिला, आउटपुट फक्त टाची मुदत संपल्यावरच निघतं. बाहेरून काही आलं म्हणून तिथल्या तिथे उत्तर देता येत नाही. लगेच उत्तर द्यायचं असेल तर टा शून्य असलेल्या अवस्थेत जायचं आणि तिथून पाठवायचं. सुरुवातीला हे उगाच आडवळण वाटतं. पण घटनांचा क्रम पक्का राहतो तो याच नियमामुळे.

दुसरा बारकावा असा की डेल्टा-एक्स्टला आधीची अवस्था आणि आलेली वस्तू मिळतेच, शिवाय गेल्या घटनेपासून किती वेळ लोटला तेही मिळतं. हा लोटलेला वेळ विसरणं ही नवशिक्यांची सगळ्यात नेहमीची चूक. पुढची पायरी त्याच्यासाठीच आहे.

पायरी ३: कागदावर हाताने चालवा

ही पायरी गाळू नका. पंधरा मिनिटांचं काम आहे. सकाळी १० वाजता गिरणी रिकामी, टा अनंत.

१०:०५. डबा १ आला, १२ मिनिटांचं दळण. गिरणी दळतेय, सिग्मा १२. पुढची घटना १०:१७ ला.

१०:०९. डबा २ आला, ८ मिनिटांचं दळण. लोटलेला वेळ ४ मिनिटं, म्हणून सिग्मा १२ वजा ४, म्हणजे ८. डबा २ रांगेत. पुढची घटना अजूनही १०:१७ लाच.

इथे थांबून बघा. ज्याने ४ वजा केले नाहीत त्याच्या गिरणीत सिग्मा १२च राहिला आणि डबा १ चं पीठ १०:२१ ला पडलं. मागे नवा डबा ठेवला म्हणून पुढचं दळण लांबलं! खऱ्या गिरणीत असं झालं तर भांडण होईल. प्रोग्राममध्ये मात्र कुणी ओरडत नाही, सरासरी तेवढी गुपचूप फुगते.

१०:१२. लाईट गेली. १०:०९ पासून ३ मिनिटं लोटली, म्हणून उरलेलं दळण ८ वजा ३, म्हणजे ५. गिरणी अडकली, टा अनंत. पण ते ५ अवस्थेत जपून ठेवायचे.

१०:४२. लाईट आली. गिरणी पुन्हा दळतेय, सिग्मा ५. पुढची घटना १०:४७ ला.

१०:४७. आधी लॅम्डा: डबा १ चं पीठ बाहेर. मग डेल्टा-इंट: रांगेतून डबा २ घेतला, सिग्मा ८. पुढची घटना १०:५५ ला.

१०:५५. लॅम्डा: डबा २ चं पीठ बाहेर. डेल्टा-इंट: रांग रिकामी, टा अनंत.

डबा १ ला लागली ४२ मिनिटं, डबा २ ला ४६. सरासरी ४४. हा कागद फाडू नका, शेवटपर्यंत लागणार आहे.

हे प्रोग्राममध्ये उतरवताना वेळ पूर्णांकात ठेवा, सेकंदांत किंवा मिलिसेकंदांत. संगणकाच्या दशांश अंकांत ०.१ दहा वेळा मिळवले तर बरोबर १ होत नाही. दोन घटना एकाच क्षणी आहेत की नाहीत हे अशा बेरजेवर सोडलं, तर कधीतरी फसणारच.

पायरी ४: जोडणी

एकटी गिरणी काहीच सांगत नाही. तिच्याभोवती आणखी मॉडेलं हवीत: डबे पाठवणारी घरं, घरापासून गिरणीपर्यंतचा रस्ता, वीज, आणि कोण कधी आलं-गेलं ते टिपून सरासरी काढणारी वही. हे प्रत्येक स्वतंत्र अणू-मॉडेल. रस्ता तर अगदीच साधा: डबा आत आला की ५ मिनिटांनी बाहेर. आपल्या कागदावर १०:०५ ला पोचलेला डबा १०:०० ला घरून निघालाय असं धरा. आत्ता हे फालतू वाटेल. पायरी ८ ला हाच रस्ता आपली सुटका करणार आहे.

मग जोडण्या लिहायच्या: घरांचं ‘डबा’ रस्त्याच्या ‘आत’ला, रस्त्याचं ‘बाहेर’ गिरणीच्या ‘डबा’ला आणि वहीलाही, विजेचं ‘स्थिती’ गिरणीच्या ‘वीज’ला, गिरणीचं ‘पीठ’ वहीला. असं जोडून जे तयार होतं ते जोड-मॉडेल. डेव्हसमधलं एक महत्त्वाचं प्रमेय सांगतं, की असं कुठलंही जोड-मॉडेल बाहेरून बघितलं तर एखाद्या अणू-मॉडेलसारखंच वागतं. त्यामुळे ही सगळी मिळून एक ‘गल्ली’ करा, दहा गल्ल्या जोडून ‘गाव’ करा, वरच्याला आत काय आहे याच्याशी कर्तव्य नाही.

आपल्या दृष्टीने या प्रमेयाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट आहे. गिरणीच्या मॉडेलला ‘घरं’ नावाचं काही अस्तित्वात आहे हेच माहीत नाही. तिला फक्त आपला पोर्ट दिसतो. डबा त्याच मेमरीतून आला की शेजारच्या खोलीतल्या संगणकावरून, हे तिला कळायचा मार्गच नाही. म्हणून तर उद्या मधोमध कापता येतं. पण गिरणीच्या कोडमध्ये कुठेतरी ‘घरं.रांग.लांबी’ असं डोकावून बघणारी एक ओळ जरी राहिली, तरी ते कापणं संपलं. अशा ओळी आत्ताच शोधून काढा.

पायरी ५: एकाच क्षणी दोन गोष्टी झाल्या तर?

समजा बरोबर १०:५५ ला, डबा २ संपतो त्याच क्षणी, लाईट गेली. आधी डेल्टा-इंट चालवलं तर डबा २ चं पीठ बाहेर पडतं आणि मग गिरणी बंद होते. आधी डेल्टा-एक्स्ट चालवलं तर सिग्मा होतो शून्य, गिरणी अडकते, आणि शून्य मिनिटांचं दळण बाकी असलेला डबा लाईट येईपर्यंत तसाच पडून राहतो.

मूळ डेव्हसमध्ये अशा वेळी एका क्षणी एकच मॉडेल पुढे सरकतं आणि कुणाचा नंबर आधी ते निवडीचं एक फंक्शन ठरवतं. चाऊ आणि झायग्लर यांनी १९९४ साली समांतर डेव्हस मांडला, त्यात ही निवड काढून टाकली. एका क्षणी ज्यांची वेळ झाली ते सगळे एकदम सरकतात, आलेल्या सगळ्या वस्तू एकाच पिशवीतून मिळतात, आणि आतला-बाहेरचा बदल एकत्र आला तर काय करायचं ते प्रत्येक मॉडेल स्वतः सांगतं. त्या फंक्शनला डेल्टा-कॉन म्हणतात. गिरणीसाठी उत्तर सरळ आहे: आधी आतला बदल, मग लोटलेला वेळ शून्य धरून बाहेरचा. अनेक संगणकांवर जायचं असेल तर पहिल्यापासून समांतर डेव्हसच धरा. निवडीचं फंक्शन सगळ्यांच्या वतीने एकाच ठिकाणी निर्णय घेतं, आणि वाटून चालवताना नेमकं तेच आपल्याला नको असतं.

जाता जाता एक सापळा. दोन मॉडेलं टा शून्य ठेवून एकमेकांना निरोप देत राहिली तर घड्याळ पुढे सरकतच नाही. प्रोग्राम अडकलाय असं वाटतं, पंखा जोरात फिरत असतो, आणि सिम्युलेशनमध्ये वेळ मात्र १०:४७च.

पायरी ६: एका संगणकावर चालवा

डेव्हसबरोबर त्याचा सिम्युलेटर कसा असावा हेही ठरलेलं आहे. प्रत्येक अणू-मॉडेलला एक सिम्युलेटर, प्रत्येक जोड-मॉडेलला एक समन्वयक, सगळ्यांच्या वर एक मूळ समन्वयक. समन्वयक हाताखालच्या प्रत्येकाला विचारतो, ‘तुझी पुढची वेळ काय?’ सगळ्यात लवकरची वेळ निवडतो, ज्यांची ती वेळ आहे त्यांच्याकडून आउटपुट घेतो, जोडण्यांप्रमाणे पोचवतो आणि मग ज्यांची वेळ झाली किंवा ज्यांना काही आलं त्यांना अवस्था बदलायला सांगतो. मग पुन्हा तोच प्रश्न.

हे दीड-दोनशे ओळींत स्वतः लिहिता येतं, आणि एकदा तरी लिहावं असं माझं मत आहे. पुढे तयार साधनं आहेतच: अँटवर्प विद्यापीठातून आलेलं पायथन-पी-डेव्हस, सी प्लस प्लससाठी एडेव्हस, ऑटावाच्या कार्लटन विद्यापीठातलं कॅडमियम. पायथन येत असेल तर पहिलं घ्या, त्यातल्या फंक्शनांची नावं पायरी २ मधल्या यादीशी जवळजवळ एकास एक जुळतात.

आता प्रत्येक घटना एका फाइलमध्ये लिहा: वेळ, मॉडेल, नवी अवस्था. ही फाइल पायरी ३ च्या कागदाशी ओळ न ओळ जुळली पाहिजे. ती जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पायरी ७: कापण्याआधी घर आवरा

डेल्टा फंक्शनं शुद्ध हवीत. म्हणजे तीच अवस्था, तोच लोटलेला वेळ, तीच आलेली वस्तू दिली तर उत्तर दर वेळी तेच. आत फाइलीत लिहिणं नको, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणं नको, सगळ्यांना सामाईक चल नको.

यादृच्छिक संख्यांनी मला एकदा आठवडाभर रडवलं. सगळी मॉडेलं एकाच सामाईक जनित्रातून आकडे उचलत होती. एका संगणकावर उचलण्याचा क्रम ठरलेला, म्हणून उत्तर दर वेळी तेच. दोन संगणकांवर कोण आधी उचलतो ते त्या-त्या वेळच्या गडबडीवर अवलंबून. उपाय साधा आहे: प्रत्येक मॉडेलला स्वतःचं जनित्र, स्वतःचं बीज (ज्या आकड्यापासून जनित्र सुरू होतं तो), आणि जनित्राची सध्याची स्थिती मॉडेलच्या अवस्थेतच. शेवटचा भाग का, ते पायरी ९ ला कळेल.

मग कुठे कापायचं ते बघा. मनात येतं की मॉडेलं सारखी वाटावीत, पाच इकडे पाच तिकडे. तसं नका करू. जिथे दोन भागांमधली ये-जा कमी आहे आणि जी आहे तिला पोचायला वेळ लागतो, तिथे कापा. आपल्याकडे अशी जागा उघड आहे: रस्ता. संगणक ‘अ’वर घरं आणि रस्ता, संगणक ‘ब’वर गिरणी आणि वही. विजेला सध्या तिसरा संगणक ‘क’ देऊ.

पायरी ८: वचन देऊन पुढे जाणं

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मूळ समन्वयक एकाच ठिकाणी ठेवायचा आणि त्याने प्रत्येक पावलाला नेटवर्कवरून सगळ्यांना विचारायचं. उत्तर बरोबर येईल, वेग मात्र एका संगणकापेक्षाही कमी. पहिल्या प्रयोगाला चालेल, उत्तर जुळतंय एवढं तरी कळतं.

खरा प्रश्न असा: ‘ब’च्या यादीत १०:४७ ची घटना आहे. ती त्याने आत्ता चालवावी का? ‘अ’कडून किंवा ‘क’कडून १०:४५ चा एखादा निरोप अजून वाटेत असला तर? ‘ब’ने पुढे जाऊन मग तो निरोप मिळाला, तर कार्य आधी आणि कारण नंतर असा घोळ होईल.

यावरचा एक उपाय १९७७ साली रँडल ब्रायंट यांनी आणि १९७९ साली के. मणी चंडी आणि जयदेव मिश्र यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मांडला. चंडी आणि मिश्र हे दोघेही आपल्याकडचे, मद्रास आणि कानपूरच्या आयआयटीतून शिकून गेलेले; हे काम त्यांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात केलं. उपाय असा, की पाठवायला काही नसलं तरी रिकामा निरोप पाठवायचा: ‘अमुक वेळेआधी माझ्याकडून काही येणार नाही.’ ‘ब’ला सगळ्यांकडून अशी वचनं मिळाली की त्यातल्या सगळ्यात आधीच्या वेळेच्या अलीकडचं सगळं तो बिनधास्त चालवू शकतो.

आपल्याकडे बघा. पुढचा डबा घरून निघणार १०:५५ ला, आणि रस्ता ५ मिनिटांचा. म्हणून ‘अ’ सांगतो: ११:०० आधी माझ्याकडून काही नाही. ‘क’चं आणखी सोपं. खऱ्या आयुष्यात लाईट न सांगता जाते, पण सिम्युलेशनमधलं विजेचं मॉडेल कुणाचंच ऐकत नाही, त्याला इनपुटच नाही. पुढची लाईट कधी जाणार तो आकडा त्याने आधीच काढून ठेवलेला असतो. समजा तो आहे ११:३०. मग ‘क’ तेवढं वचन देतो. दोन्हींत लहान ११:००, म्हणजे ‘ब’ १०:४७ आणि १०:५५ या दोन्ही घटना कुणाचीही वाट न बघता उरकतो.

आता गुंता वाढवू. पीठ घरी आलं की शेजारीण दुसरा डबा पाठवते, म्हणजे ‘ब’कडून ‘अ’कडेही निरोप जातो. आता ‘अ’ नुसत्या आपल्या यादीवरून वचन देऊ शकत नाही, कारण ‘ब’कडून काही आलं तर यादी बदलेल. रस्त्यावर आधीच एखादा डबा नसेल तर त्याचं वचन असं बनतं: माझी पुढची घटना आणि ‘ब’ने मला दिलेलं वचन, यांतली लवकरची वेळ घ्या, त्यात रस्त्याची ५ मिनिटं मिळवा. ही जी मिळवायची मिनिटं, त्यांना लुकअहेड म्हणतात, आणि या पद्धतीची सगळी मदार त्यांवर आहे. दोन्ही बाजूंचं लुकअहेड ५ मिनिटं असेल तर काहीच न घडणारा एक तास पार करायला १२ रिकामे निरोप पुरतात. तेच एक सेकंद असेल तर ३,६००. आणि शून्य असेल तर दोघेही ‘आधी तू’ म्हणत कायमचे बसून राहतात.

लुकअहेड कोडमध्ये शोधून सापडत नाही, ते व्यवसायाच्या माहितीतून येतं. गिरणी १०:१२ ला अडकली तेव्हा ५ मिनिटांचं दळण बाकी होतं. लाईट त्याच क्षणी आली तरी १०:१७ आधी पीठ पडणं शक्य नाही, म्हणून ‘ब’ तेवढं वचन निःशंक देऊ शकतो. लाईट गेल्याने दळण लांबतं, लवकर कधीच होत नाही, हे गिरणीवाल्याला माहीत असतं. तुमच्या विषयातली अशी वाक्यं गोळा करा.

पायरी ९: चुकलं तर मागे फिरणं

दुसरा उपाय धाडसी आहे. डेव्हिड जेफरसन यांनी १९८५ साली मांडलेल्या या पद्धतीला टाइम वॉर्प म्हणतात. वचनांची वाट बघायचीच नाही. आपल्या यादीत आहे ते चालवत सुटायचं, प्रत्येक घटनेआधीची अवस्था जपून ठेवायची, आणि उशिरा एखादा जुन्या वेळेचा निरोप आलाच तर मागे फिरायचं.

समजा विजेच्या मॉडेलने पुढची वेळ ११:३० नाही, १०:५० काढली होती आणि तो निरोप नेटवर्कमध्ये रेंगाळला. ‘ब’ने तोवर १०:५५ ला डबा २ चं पीठ पाठवूनही दिलं. मग निरोप आला: १०:५० ला लाईट गेली. ‘ब’ १०:४७ नंतर जपलेली अवस्था परत आणतो. पाठवलेल्या पिठाच्या मागे एक उलटा निरोप धाडतो: ते आलंच नाही असं समज. ज्याला तो पोचतो त्याने ते पीठ वापरून आणखी काही केलं असेल तर तोही मागे फिरतो. मग ‘ब’ १०:५० ची घटना चालवतो: ३ मिनिटं लोटलीत, दळण ५ मिनिटांचं बाकी, गिरणी अडकली. दळलेल्या पिठाचा पुन्हा गहू करायची सोय फक्त इथेच आहे.

जनित्राची स्थिती अवस्थेत का ठेवायला सांगितली ते आता दिसेल. मागे फिरल्यावर पुन्हा तेच आकडे निघाले पाहिजेत.

पण किती मागेपर्यंतच्या अवस्था जपायच्या? सगळ्या संगणकांवरच्या न झालेल्या घटना आणि वाटेत असलेले सगळे निरोप यांतली सगळ्यात लहान वेळ काढा. तिच्यामागे कुणालाच फिरावं लागणार नाही. तिला जागतिक आभासी वेळ म्हणतात. तिच्याआधीच्या जुन्या अवस्था टाकून देता येतात, आणि छापणं, फाइलीत लिहिणं अशा न परतवता येणाऱ्या गोष्टीही फक्त तिच्या आधीच्याच करायच्या. वाटेतले निरोप मोजायला विसरणं ही इथली नेहमीची चूक.

दोन्हींतलं कुठलं घ्यावं? लुकअहेड चांगलं असेल तर वचनांची पद्धत घ्या, चूक शोधायलाही ती सोपी. लुकअहेड शून्याजवळ असेल आणि संगणकांना मेमरी भरपूर असेल तर टाइम वॉर्प. पहिल्याच प्रकल्पात टाइम वॉर्प स्वतः लिहायला घेऊ नका. पायथन-पी-डेव्हसमध्ये तो तयार आहे.

दुसऱ्याचं सिम्युलेशन जोडायचं असेल तर

इतका वेळ सगळी मॉडेलं आपलीच होती. एक गट विमानाचं सिम्युलेशन सी प्लस प्लसमध्ये करतो, दुसरा रडारचं जावात, आणि दोन्ही एकत्र चालवायची, असं असलं तर एचएलए (हाय लेव्हल आर्किटेक्चर) हे मानक लागतं. ते अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून आलं आणि २००० साली आयईईई १५१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं. त्यात प्रत्येक सिम्युलेशनला फेडरेट म्हणतात, सगळ्यांच्या जुळणीला फेडरेशन, आणि मधल्या सॉफ्टवेअरला आरटीआय. कुठली माहिती कुठल्या नावाने द्यायची ते आधी एका सामाईक कागदात ठरवतात. फेडरेट म्हणतो, ‘मला १०:४७ पर्यंत जाऊ दे’, आणि त्याआधीचं काही यायचं राहिलेलं नाही याची खात्री झाली की आरटीआय परवानगी देतो. लुकअहेड इथेही प्रत्येकाने आधी जाहीर करायचं असतं. एचएलए तुमचं मॉडेल आतून कसं लिहायचं ते सांगत नाही, म्हणून आत डेव्हस आणि बाहेर एचएलए अशी जोडी चांगली जमते.

शेवटची तपासणी

एका संगणकावरच्या घटनांची फाइल घ्या. तीन संगणकांवरच्या तीन फाइली एकत्र करून वेळ आणि मॉडेलच्या नावाप्रमाणे लावा. दोन्ही तंतोतंत सारख्या हव्यात. सरासरी जुळतेय म्हणून सोडून देऊ नका, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मग मुद्दाम त्रास द्या: ‘क’च्या निरोपांना दोन-दोन सेकंद उशीर लावा, ‘अ’वर दुसरं एखादं जड काम सुरू करा, आणि फाइल पुन्हा जुळवा. डबा २ अजूनही १०:५५ लाच निघायला हवा.

तो १०:५७ ला निघाला, तर बहुधा कुणीतरी निरोपावर लिहिलेली वेळ सोडून तो पोचल्याची वेळ वापरलीय.